ओळ, स्तंभ आणि लिपी : तक्त्यांतील मजकूर शोधणाऱ्या कमांड लाइन साधनांचा इतिहास (मुंबई उपनगराच्या विशेष संदर्भात)

गोषवारा

रांगा आणि स्तंभ यांत मांडलेल्या माहितीतून हवा तो मजकूर शोधून काढणे हे आजच्या संशोधनाचे आणि प्रशासनाचे नित्याचे काम आहे. या कामासाठी वापरली जाणारी कमांड लाइनवरील साधने १९७३ मधील 'ग्रेप'पासून विकसित होत आली. प्रस्तुत शोधनिबंधात या विकासाचे तीन टप्पे मांडले आहेत : ओळीचा शोध, स्तंभाचा शोध आणि लिपीचा शोध. पवई, जुहू व अंधेरी येथील संगणन-संस्थांचा इतिहास आणि उपनगरातील अभिलेखांचे स्वरूप यांच्या आधारे हे टप्पे तपासले आहेत. 'नोंद सापडली नाही' आणि 'नोंद नाही' ही दोन विधाने भिन्न असून त्यांतील अंतर शोध-साधनाच्या गृहीतकांतून निर्माण होते, हे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : ग्रेप, सीएसव्ही, युनिकोड, देवनागरी, मुंबई उपनगर, अभिलेख.

१. प्रस्तावना

मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ९३,५६,९६२ इतकी होती. अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला या तीन तालुक्यांच्या या जिल्ह्यात घाटकोपर व मुलुंड ही दाट वस्तीची उपनगरे कुर्ला तालुक्यात मोडतात. एवढ्या लोकसंख्येचे मतदार, करदाते, विद्यार्थी, रुग्ण आणि भाडेकरू म्हणून होणारे अस्तित्व अखेर कोठल्या ना कोठल्या तक्त्यातील एका ओळीत नोंदलेले असते. पूर्वी हे तक्ते बांधीव नोंदवह्यांत असत व कारकून बोट फिरवून नाव शोधत असे. आज तेच तक्ते स्प्रेडशीटमध्ये किंवा स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकूर-फाइलमध्ये, म्हणजेच सीएसव्ही फाइलमध्ये असतात आणि शोधाचे काम संगणकाकडे गेले आहे.

कारकुनाने केलेला शोध आणि यंत्राने केलेला शोध यांत एक मूलभूत फरक आहे. कारकून 'बोरीवली' आणि 'बोरिवली' ही एकाच गावाची नावे आहेत हे जाणतो. यंत्र ते जाणत नाही. यंत्राला जे सांगितले तेवढेच ते शोधते आणि न सापडल्यास मौन पाळते. या मौनाचा अर्थ काय लावावा, हा प्रश्न संगणकशास्त्राइतकाच इतिहासलेखनाचाही आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(क) ने सार्वजनिक प्राधिकरणांवर अभिलेख सूचिबद्ध करण्याची व ते संगणकीकृत करण्याची जबाबदारी टाकली. अभिलेख संगणकावर आले तरी ते शोधता आले नाहीत तर त्या तरतुदीचा हेतू अपुराच राहतो. म्हणून शोध-साधनांची जडणघडण कशी झाली, हे पाहणे अगत्याचे ठरते.

२. पार्श्वभूमी : छिद्रपत्रापासून पवईपर्यंत

यांत्रिक शोधाचा आरंभ छिद्रपत्रांपासून झाला. हर्मन हॉलरिथ यांनी अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेसाठी छिद्रपत्रांवर चालणारी सारणी-यंत्रे वापरली. पुढे १९२८ मध्ये आयबीएम कंपनीने ऐंशी स्तंभांचे छिद्रपत्र प्रचारात आणले. या पद्धतीत स्तंभाला सर्वाधिक महत्त्व होते. अमुक क्रमांकाच्या स्तंभात अमुक छिद्र असलेली पत्रे वेगळी काढणे हाच शोध होता. मोकळ्या मजकुराला मात्र त्यात फारसे स्थान नव्हते. जात, व्यवसाय, गाव या सर्वांना आधी सांकेतिक क्रमांक द्यावे लागत. थोडक्यात, छिद्रपत्राला स्तंभ कळत होता, शब्द कळत नव्हता.

मुंबईत संगणनाची सुरुवात कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाली. तेथे स्वदेशी बनावटीचा टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. उपनगराचा या इतिहासातील प्रवेश पवईमार्गे झाला. पवई येथे १९५८ मध्ये स्थापन झालेल्या आयआयटीला युनेस्कोद्वारा सोव्हिएत संघाची मदत लाभली आणि त्या मदतीच्या काळात मिन्स्क जातीचा सोव्हिएत संगणक तेथे आला. १९७३ मध्ये अंधेरी (पूर्व) येथे सीप्झ हे निर्यात-प्रक्रिया क्षेत्र सुरू झाले व उपनगरात संगणक-उद्योगाची पायाभरणी झाली. टाटा संस्थेच्या छत्राखाली वाढलेले सॉफ्टवेअर-विकास केंद्र १९८५ मध्ये 'नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी' या नावाने स्वायत्त झाले व जुहू येथून काम करू लागले. पुढे हे केंद्र सी-डॅकमध्ये विलीन झाले.

जुहूचे हे केंद्र आणि पवईची आयआयटी यांना जोडणारा दुवा या निबंधाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि संयुक्त राष्ट्रसंघ विकास कार्यक्रम यांच्या साहाय्याने १९८६ मध्ये अर्नेट हा शैक्षणिक संगणक-जाळ्याचा प्रकल्प सुरू झाला. त्याच्या आरंभकाळात या दोन संस्थांमध्ये दूरध्वनी-वाहिनीवरून संदेशांची देवाणघेवाण होऊ लागली. त्यासाठी वापरलेली यूयूसीपी ही पद्धत मुळात एका युनिक्स यंत्रावरून दुसऱ्या युनिक्स यंत्रावर फाइल उतरविण्याची होती. म्हणजे या दुव्यामागे युनिक्सची कार्यसंस्कृती उभी होती. याच दशकात बँकांच्या यांत्रिकीकरणासंबंधी रिझर्व्ह बँकेने डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल १९८४ मध्ये आला आणि पुढील काळात बँकांच्या शाखांमध्ये युनिक्सवर चालणारी यंत्रे दिसू लागली. अशा रीतीने कमांड लाइन ही उपनगरातील प्रयोगशाळा आणि बँकेची शाखा या दोन्ही ठिकाणी पोहोचली.

३. पहिला टप्पा : ओळीचा शोध

युनिक्स ही कार्यप्रणाली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये आकारास आली. तिच्या 'ईडी' या संपादकात एक आज्ञा होती : संपूर्ण फाइलभर, दिलेल्या साच्याशी जुळणारी प्रत्येक ओळ, छापून दाखव. या आज्ञेतील तीन घटकांच्या आद्याक्षरांतूनच 'ग्रेप' हे नाव तयार झाले. केन थॉम्प्सन यांनी १९७३ मध्ये ते स्वतंत्र साधन म्हणून उपलब्ध करून दिले. अक्षरांची नेमकी मालिका न देता तिचा केवळ साचा देण्याची पद्धत, जिला रेग्युलर एक्स्प्रेशन असे म्हणतात, तिच्याद्वारे शोध घेण्याची रीती थॉम्प्सन यांनी १९६८ च्या एका शोधनिबंधात मांडली होती.

ग्रेपच्या दृष्टीने जगातील सर्व माहिती ओळींची बनलेली असते. ओळ हे त्याचे एकक, स्तंभ त्याला ठाऊक नसतो. छिद्रपत्राला स्तंभ कळत होता पण शब्द कळत नव्हता. ग्रेपला शब्द कळला, परंतु स्तंभ हरवला. हा व्यत्यास या इतिहासाचा गाभा आहे.

उपनगरातील पत्त्यांच्या यादीवर ग्रेप चालविल्यास ही मर्यादा तत्काळ स्पष्ट होते. 'अंधेरी' हा शब्द शोधल्यास अंधेरीतील रहिवासी तर सापडतातच, परंतु अंधेरी-कुर्ला मार्गाच्या कुर्ला बाजूस राहणारेही सापडतात. 'घाटकोपर' शोधल्यास घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यालगतचे गोवंडीचे पत्ते यादीत शिरतात. 'मुलुंड' शोधल्यास गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्यावरील गोरेगावची घरे येतात. उपनगरातील रस्त्यांना दोन टोकांच्या गावांची नावे देण्याची जी रीत आहे, तीच येथे संख्या फुगविण्यास कारणीभूत ठरते. अशा शोधावर आधारलेली कोणतीही मोजणी सदोष असणार हे उघड आहे.

४. दुसरा टप्पा : स्तंभाचा शोध

हरवलेला स्तंभ परत मिळविण्याचा पहिला महत्त्वाचा प्रयत्न १९७७ मधील 'ऑक' या साधनाने केला. आल्फ्रेड एहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निगहन या तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्याला हे नाव मिळाले. ऑक प्रत्येक ओळीचे तुकडे पाडते व त्यांना क्रमांक देते. त्यामुळे 'ज्या ओळीच्या चौथ्या रकान्यात अंधेरी आहे ती ओळ दाखव' असे सांगणे शक्य झाले. रकाने वेगळे करणारे चिन्ह कोणते, हे वापरणाऱ्याने सांगावयाचे असे.

याच सुमारास १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचे व्हिजिकॅल्क हे स्प्रेडशीट आले. पुढे १९८३ मध्ये लोटस १-२-३ आणि १९८५ मध्ये एक्सेल प्रचारात आले. कार्यालयीन तक्ते या साधनांत तयार होऊ लागले आणि एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात नेण्यासाठी सीएसव्ही हा सोयीचा मार्ग ठरला. मात्र स्वल्पविराम हे चिन्ह पत्त्यातही येते. 'खोली क्र. ४, दुसरा मजला, अंधेरी (पूर्व)' या एकाच रकान्यात दोन स्वल्पविराम आहेत. स्वल्पविरामावर तुकडे पाडणारे साधे ऑक या पत्त्याचे तीन रकाने करते आणि पुढील सर्व रकाने दोन घरे सरकतात. पिनकोडच्या जागी मजला आणि दूरध्वनीच्या जागी उपनगर येते.

यावर उपाय म्हणून स्वल्पविराम असलेला मजकूर दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवण्याची प्रथा रूढ झाली. ही प्रथा दीर्घकाळ केवळ व्यवहारात होती. तिचे लेखी वर्णन ऑक्टोबर २००५ मध्ये आरएफसी ४१८० या दस्तऐवजात झाले. त्यात अवतरणचिन्हांच्या आत नवी ओळही येऊ शकते असे नमूद आहे. पत्ता एकाच रकान्यात दोन-तीन ओळींत टंकलिखित केला की असे घडते. याचा अर्थ, एक नोंद म्हणजे एक ओळ हे ग्रेपचे मूळ गृहीतकच सीएसव्हीत कोसळते.

या अडचणीतूनच केवळ तक्त्यांसाठी घडविलेली शोध-साधने पुढे आली. ख्रिस्तोफर ग्रोस्कॉफ यांनी वृत्तपत्रीय माहिती-पत्रकारितेच्या गरजेतून २०११ मध्ये सीएसव्हीकिट हा साधनसंच प्रसिद्ध केला. त्यातील 'सीएसव्हीग्रेप' हे साधन अवतरणचिन्हे ओळखते, शीर्षकाची रांग वाचते आणि स्तंभाचे नाव सांगून त्यातच शोध घेऊ देते. अँड्र्यू गॅलंट यांचे 'एक्सएसव्ही' आणि जॉन कर्ल यांचे 'मिलर' ही त्याच परंपरेतील पुढील साधने होत. विशेष म्हणजे मूळ ऑकमध्येही २०२३ मध्ये सीएसव्ही समजून घेण्याची सोय अंतर्भूत झाली; म्हणजे जन्मानंतर सुमारे सेहेचाळीस वर्षांनी.

स्तंभ सापडला म्हणजे शोध निर्दोष झाला असे मात्र नव्हे. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीचे उदाहरण येथे बोलके आहे. सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच वेळी कुलाब्यात तो सुमारे ७३ मिलिमीटर होता. परंतु हवामान खात्याची दैनिक नोंद सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांची असते. त्यामुळे दैनिक तक्त्यात हा पाऊस २७ जुलै या दिनांकासमोर येतो. दिनांकाच्या स्तंभात २६ जुलै शोधणाऱ्या अभ्यासकास साधन अचूक ओळ दाखवील, पण ती त्या प्रलयाची नसेल.

जिल्ह्याच्या नावाबाबतही हेच घडते. उपनगर जिल्हा १९२० मध्ये ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. पुढे १९५० व १९५७ मध्ये उपनगरे टप्प्याटप्प्याने मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आली. १९८१ च्या जनगणनेत हा सर्व प्रदेश बृहन्मुंबई या एकाच जिल्ह्याखाली होता आणि १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर हा जिल्हा पुन्हा स्वतंत्र झाला. जिल्ह्याच्या स्तंभात 'मुंबई उपनगर' शोधणाऱ्यास काही दशके रिकामी दिसतील. माणसे तेथेच होती. केवळ स्तंभातील नाव बदलले होते.

५. तिसरा टप्पा : लिपीचा शोध

ग्रेप आणि ऑक यांच्या मूळ रचनेत एक अक्षर म्हणजे एक बाइट असे गृहीत होते. रोमन लिपीला ते पुरेसे होते, देवनागरीला नव्हते. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही प्रमाण संकेतप्रणाली भारतीय मानक १३१९४ म्हणून १९९१ मध्ये स्वीकारली गेली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली व तीत देवनागरीला स्थान मिळाले. प्रत्यक्ष कार्यालयीन व्यवहारात मात्र दीर्घकाळ फॉन्ट-आधारित टंकलेखनाचे वर्चस्व राहिले. अशा फाइलमध्ये पडद्यावर मराठी दिसते, पण आत रोमन चिन्हांचे क्रमांक साठविलेले असतात. तीत देवनागरी शब्द शोधल्यास एकही नोंद सापडत नाही. काही फॉन्टांत तर स्वल्पविरामाच्या जागेवर देवनागरीचे एखादे अक्षर बसविलेले असे. तशा फाइलची सीएसव्ही केल्यास माणसाच्या नावाच्या मध्यावरच रकाना तुटतो.

या कोंडीतून मार्ग काढणारी यूटीएफ-८ ही पद्धत १९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी तयार केली. ज्यांनी ग्रेप घडविले, त्यांनीच जगातील सर्व लिप्या साध्या मजकूर-फाइलमध्ये मावतील अशी सोय करावी, हा योगायोग लक्षणीय आहे. या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. 'क्षेत्र' हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो. युनिकोडमध्ये तो सात चिन्हांचा आणि यूटीएफ-८ मध्ये एकवीस बाइटांचा होतो.

याचा परिणाम शोधावर होतो. बोरिवलीची ऱ्हस्व व दीर्घ अशी दोन्ही रूपे पकडण्यासाठी 'ऱ्हस्व किंवा दीर्घ वेलांटी' असा साचा दिला, तर एक अक्षर म्हणजे एक बाइट मानणारे साधन त्या जागी एकच बाइट अपेक्षिते. वेलांटी तीन बाइटांची असल्याने दोन्हीपैकी एकही रूप सापडत नाही. तीच फाइल, तीच आज्ञा, पण यंत्राची भाषाविषयक मांडणी बदलली की उत्तर बदलते.

मराठीचे खास प्रश्न याहून सूक्ष्म आहेत. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतील अर्थभेद दाखविणारा अर्धा 'ऱ' युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो : नुक्तायुक्त 'ऱ' ला हलन्त जोडून, किंवा साध्या 'र' ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. युनिकोडच्या प्रमाणीकरणाच्या नियमांनीही ती एक होत नाहीत. त्यामुळे 'कुऱ्हाडे' किंवा 'कऱ्हाडे' हे आडनाव एका कारकुनाने एका कळफलकावर आणि दुसऱ्याने दुसऱ्यावर टंकित केले असेल तर एका शोधात अर्धीच कुटुंबे सापडतील. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ मध्ये आले. त्याआधीच्या फाइलींत ते 'अ' वर अर्धचंद्र देऊन लिहिलेले आढळते. 'ॲड.' या उपाधीने वकिलांची नावे शोधणाऱ्यास जुनी यादी रिकामी वाटू शकते. देवनागरी अंक आणि आंतरराष्ट्रीय अंक हेही यंत्राच्या लेखी सर्वथा वेगळे आहेत.

या क्षेत्रातही उपनगराचे योगदान नोंदविण्याजोगे आहे. जुहूच्या केंद्रात लिनक्सवर भारतीय लिप्या दिसाव्यात यासाठी काम झाले. पवईच्या आयआयटीत २००० मध्ये भारतीय भाषा तंत्रज्ञान केंद्र सुरू झाले व तेथे मराठी शब्दजालाची निर्मिती झाली. त्याच संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातून लिनक्सच्या आज्ञांचे, ग्रेप व ऑकसह, मराठीतून ध्वनिचित्र-पाठ उपलब्ध झाले. ज्या साधनाची घडण इंग्रजी ओळीसाठी झाली होती, त्याचे स्पष्टीकरण मराठीत ऐकण्याची सोय त्यामुळे झाली.

६. विवेचन

वरील तिन्ही टप्प्यांत एक सूत्र दिसून येते. प्रत्येक साधनामागे 'नोंद म्हणजे काय' याविषयीचे एक गृहीतक असते. ग्रेपच्या लेखी नोंद म्हणजे ओळ, ऑकच्या लेखी तुकड्यांत विभागलेली ओळ, सीएसव्हीग्रेपच्या लेखी नाव असलेल्या स्तंभांची रांग. गृहीतक आणि प्रत्यक्ष फाइल यांत जेथे अंतर पडते तेथे शोध चुकतो. चूक दोन प्रकारची असते. नको ती नोंद सापडणे ही पहिली. ती डोळ्यांना दिसते व दुरुस्त करता येते. हवी ती नोंद न सापडणे ही दुसरी. ती दिसत नाही आणि म्हणून अधिक घातक असते.

या दुसऱ्या चुकीचे सामाजिक मोल मोठे आहे. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी यादीत नाव नसल्याच्या असंख्य तक्रारी मुंबईत झाल्या. नाव वगळले जाणे आणि नाव असूनही शोधात न येणे या दोन भिन्न घटना आहेत व त्यांवरील उपायही भिन्न आहेत. मतदान केंद्राबाहेर उभ्या असलेल्या नागरिकास मात्र दोन्हींचा अनुभव सारखाच येतो. यंत्र 'नाही' म्हणाले की माणसाचे म्हणणे दुय्यम ठरते. आडनावात अर्धा 'ऱ' असणे हा कोणाच्याही हक्काच्या आड येण्याजोगा दोष असू नये.

संशोधकासाठीही हाच धडा आहे. भारत सरकारचे खुल्या माहितीचे संकेतस्थळ २०१२ मध्ये सुरू झाल्यापासून तक्त्यांच्या रूपातील शासकीय माहिती मोठ्या प्रमाणावर उपलब्ध झाली आहे आणि सामाजिक शास्त्रांतील लेखन तिच्यावर वाढत्या प्रमाणात विसंबते. दप्तरखान्यातील कागद वापरणारा अभ्यासक रुमालाचा व दप्तराचा क्रमांक देतो. संगणकीय तक्ता वापरणारा अभ्यासक मात्र कोणता शब्द, कोणत्या स्तंभात, कोणत्या साधनाने शोधला, हे क्वचितच नोंदवितो. या दृष्टीने कमांड लाइनचा एक गुण विशेष मोलाचा ठरतो : तेथे दिलेली आज्ञा लिहिलेली असते. ती जतन करता येते, दुसऱ्यास देता येते आणि त्याच फाइलवर पुन्हा चालवून पडताळता येते. माऊसच्या साहाय्याने स्प्रेडशीटमध्ये लावलेल्या गाळणीचा असा माग सहसा राहत नाही.

७. निष्कर्ष

१. तक्त्यांतील मजकूर शोधण्याच्या साधनांचा विकास ओळ, स्तंभ आणि लिपी या तीन टप्प्यांत झाला. छिद्रपत्रांना ज्ञात असलेला स्तंभ ग्रेपमध्ये हरपला व सीएसव्हीसाठी घडविलेल्या साधनांत तो परत मिळाला.

२. पवई, जुहू व अंधेरी या उपनगरांनी युनिक्स-संस्कृतीचा प्रवेश, संगणक-जाळ्यांची उभारणी आणि भारतीय लिप्यांचे संगणन यांत सहभाग घेतला. मुंबईच्या संगणन-इतिहासात त्यांचा स्वतंत्र विचार व्हावयास हवा.

३. स्थळनामे, जिल्ह्यांच्या बदललेल्या सीमा, दिनांकाचे संकेत आणि देवनागरीची पर्यायी रूपे यांची जाण नसल्यास अचूक साधनही चुकीचे उत्तर देते.

४. संगणकीय तक्त्यांवर आधारित शोधनिबंधांत शोधाची आज्ञा व फाइलची संकेतप्रणाली यांचा उल्लेख संदर्भाइतकाच आवश्यक मानावा. महाविद्यालयीन स्तरावर इतिहास व समाजशास्त्र यांच्या संशोधनपद्धतीच्या अभ्यासक्रमात या साधनांचा परिचय समाविष्ट करता येईल.

नोंदवहीवर बोट फिरविणारा कारकून न सापडलेल्या नावासाठी मागचे पान पुन्हा उलटून पाहत असे. यंत्र ते आपणहून करीत नाही. मागचे पान उलटण्याची जबाबदारी आता शोध घेणाऱ्यावर आहे.